अकराव्या मजल्यावरचं हसू

माझ्या आईने आमचं घर आतून कधी पाहिलंच नव्हतं. ती यायची नाही असं नाही. महिन्यातून एकदा तरी यायचीच, पण इमारतीच्या फाटकाशी जो सिमेंटचा बाक आहे तिथपर्यंत. बाकावर टेकायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि फोन करायची, आलेय गं, घेऊन ये तिला. मग मी भिंगरीला कडेवर घेऊन अकराव्या मजल्यावरून खाली उतरायची, आजी-नातीचे लाड बाकावर व्हायचे, आणि जायच्या वेळी आई मान वर करून आमची गॅलरी कुठली ते शोधायला लागायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत नजर गेली की तिला गरगरायचं. ती बाकाची पाठ घट्ट धरायची आणि म्हणायची, छान आहे हो घर.

चहा थर्मासमधून खाली जायचा. सासूबाई म्हणायच्या, विहीणबाईंचा पाहुणचार करायचा म्हणजे मला शेगडी घेऊन रस्त्यावर बसावं लागणार.

आईला उंचीची भीती आहे. तिच्या आईलाही होती. माळ्यावरचं काही काढायला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढली, की तिथूनच ‘कुणीतरी उतरवा गं मला’ म्हणून हाका मारायची. आमच्या घराण्यात लेकीला द्यायला दागदागिने फारसे नव्हते, तेव्हा आईकडून लेकीकडे हेच येत गेलं. मला ते गच्चीवर मिळालं. आई वाळवण काढायला गच्चीवर जायची तेव्हा मला बरोबर न्यायची, पण माझी वेणी मुठीत धरून. कठडा कुठल्या कुठे लांब, तरी वेणी ताणलेली. मी वर बघायची तर तिचा चेहरा खडूसारखा पांढरा आणि ओठ आत ओढलेले. गच्चीवर मला भिण्यासारखं काहीच दिसत नव्हतं, पण तो चेहरा दिसत होता. तेवढं पुरलं.

अशा मुलीची गाठ पडावी ती लिफ्टवाल्याशी. माझा नवरा लिफ्टची देखभाल करतो. लोक लिफ्टच्या आत उभे राहतात, हा टपावर. अंधाऱ्या शाफ्टमध्ये, तेलकट दोरांच्या मधे उभा राहून हा वीस-वीस मजले वर-खाली करतो, आणि घरी येऊन सांगतो की तिथे कसलंच भय नाही, पडायलासुद्धा मोकळी जागा लागते. घर बघायला आलो तेव्हा त्याने मला विचारलं होतं, चालेल ना अकरावा. लग्नाला दोन महिने झाले होते. मी खोलीच्या मधोमध उभी राहून म्हटलं, चालेल की. वारा छान आहे.

वाऱ्याचंच तर भय. गॅलरीच्या दारात गेलं की माझ्या तळपायांना मुंग्या येतात आणि कठडा हळूच बाहेरच्या बाजूला कलतोय असं वाटायला लागतं. कपडे वाळत घालताना मी फक्त चिमट्यांकडे बघते. एकदा एक मोजा खाली पडला तर सवयीने खाली पाहिलं, आणि मग उरलेले कपडे सासूबाईंनी घातले. त्यांना मी सांगितलं, चक्कर आली. त्यांनी आनंदाने महिने मोजायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांचा अंदाज चुकला, पुढे खरा झाला.

दिवस गेले तेव्हाच मी ठरवलं होतं, ही वंशपरंपरा माझ्यापाशी संपणार. मानसशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई मी. ती पदवी आता कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि स्टुलावर चढायचं नसल्यामुळे तिथेच राहील, पण त्यातला एक प्रयोग मला पाठ होता. एका टेबलाला अर्ध्यापासून पुढे नुसती काच. रांगतं बाळ काचेपाशी येतं, खाली खोल दिसतं, ते थांबतं. आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आई घाबरलेली दिसली तर बाळ माघारी फिरतं. आई हसली तर बहुतेक बाळं काचेवरून सरळ रांगत तिच्याकडे जातात. परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

म्हणजे काम सोपं होतं. भीती घालवायची गरजच नव्हती. चेहरा तेवढा सांभाळायचा होता.

मी आरशासमोर सराव केला. नुसतं हसून भागत नव्हतं, कारण गॅलरीचा विचार केला की ओठ आपोआप आत जात, आईचेच ओठ. मग मी वरचे दात पूर्ण दिसतील असे ओठ मागे ताणले, गाल वर उचलले, भुवया सैल सोडल्या. नवऱ्याने एकदा पाहिलं आणि विचारलं, काय गं, दाढ दुखतेय का.

भिंगरी मान धरायला लागली तेव्हापासून रोज सकाळी, तिचं पोट भरलं की मी तिला घेऊन गॅलरीत जाऊ लागले. औषध घ्यावं तसं. एका हाताने तिला छातीशी धरायचं, दुसऱ्याने दाराची चौकट, आणि चेहरा लावायचा. ती बघ गाडी, तो बघ पक्षी, ते बघ त्या काकांचं टक्कल. तिने माझ्याकडे पाहिलं की मी हसत असायची. आत गेल्यावर गाल दुखायचे आणि ब्लाउज घामाने भिजलेला असायचा. ती चालायला लागल्यावर मी तिला कठड्यापर्यंत नेऊ लागले. तिचं मनगट हातात, चेहरा जागेवर.

आणि काय सांगू, पोरीला उंचीची भीती म्हणून शिवली नाही. ती सोफ्याच्या पाठीवर चढली, खिडकीच्या गजांना लोंबकळली, ओट्यावर जाऊन बसली. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, की हे माकड कुणावर गेलं. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायची. आठव्या मजल्यावरची नर्स तर तिच्या भित्र्या मुलाला घेऊन माझा सल्ला घ्यायला आली. मी तिला सांगितलं, मुलं आपला चेहरा वाचतात. ती म्हणाली, तुमचं बरं आहे, तुम्ही मुळातच धीट.

फक्त एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. भिंगरी लोकांत रडायची, आणि तेही भलत्याच वेळी. पहिल्यांदा न्हाव्याकडे केस कापायला नेलं तेव्हा ती खुर्चीत मजेत बसली होती, कात्रीकडे कौतुकाने बघत होती. मी धीर द्यायला समोर येऊन हसले, आणि तिने जो टाहो फोडला तो दुकानाबाहेरच्या लोकांनी डोकावून पाहिला. खेळवर्गात सोडताना तेच. डॉक्टरांकडे तेच, सुई टोचताना गप्प, मी हसले की आकांत. नवरा हसला, सासूबाई हसल्या, शेजारीण हसली तर तीही खिदळायची. मी खदाखदा हसले, विनोदावर हसले, तरी चालायचं. पण मी खास तिच्यासाठी, तिला धीर यावा म्हणून हसले, की पोर पांढरी पडायची.

घरात यावर मतं पडली. नवऱ्याचं मत, मुलीला आईची सवय जास्त झालीय, सुटेल. सासूबाईंचं मत ठाम होतं: दात. माझे दात किडके नसले तरी पिवळट आहेत, आणि अलीकडे मी ते नको तितके दाखवते, पोर भिणार नाही तर काय. मला हे इतकं लागलं की मी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन दात स्वच्छ करून घेतले. घरी येऊन पांढऱ्याशुभ्र दातांनी हसले. भिंगरी सरळ टेबलाखाली गेली. सासूबाई म्हणाल्या, आता तर ते अंधारातसुद्धा दिसतात.

मानसशास्त्राच्या पुस्तकात यावर काही नव्हतं. मी शोधलं.

मग भिंगरीला कांजिण्या आल्या. खाली नेता येईना, आणि आईला राहवेना. तिने पहिला आठवडा फोनवर काढला, दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी फाटकाशी येऊन बाकावर बसली आणि जावयाला म्हणाली, मला वर न्या. तो सुटी टाकून घरीच होता. त्याने तिला लिफ्टपाशी नेलं आणि भरवसा दिला, की ही लिफ्ट माझ्या हाताखालची आहे, दोर मागच्याच महिन्यात मी स्वतः बदललेत.

"जावईबापू, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," आई म्हणाली. "पण त्या दोरांची नि माझी ओळख नाही."

तरी ती चढली. डोळ्यांवर रुमाल दाबून, तोंड भिंतीकडे करून. अकराव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ती घामाने निथळत होती आणि नवऱ्याच्या दंडावर तिच्या बोटांचे वळ होते. घरात आल्यावर तिने एका नजरेत खोली मोजली आणि गॅलरीपासून सर्वांत लांबची खुर्ची निवडली, भिंतीला पाठ लावून. साहजिकच तिचं तोंड गॅलरीकडे झालं. मी पडदा ओढायला निघाले तर नको म्हणाली. काय आहे ते समोर दिसलेलं बरं.

मला धास्ती होती ती भिंगरीची. दोन वर्षं मी ज्या चेहऱ्यापासून तिला जपलं, तो चेहरा आता आमच्या बैठकीत बसून पाणी पीत होता. वाऱ्याने दार हललं की आईचे डोळे मोठे व्हायचे, भुवया वर जायच्या, ओठ आत. तोच तो, गच्चीवरचा. मी दोघींच्या मधे उभी राहून आडोसा करायला बघत होते.

भिंगरी माझ्या पायांमधून वाकून आजीकडे बघत राहिली. मग पोट धरून हसायला लागली. तिला वाटलं, आजी सोंग करतेय. ती जाऊन दार मुद्दाम हलवायची आणि धावत येऊन आजीचं तोंड बघायची. पुन्हा दार, पुन्हा तोंड. अंगभर सुकलेल्या खपल्या, आणि हसून हसून उचकी लागलेली. आईसुद्धा शेवटी हसली, मेल्ये मी भीतीने आणि कार्टीला खेळ सुचतोय म्हणाली. मी आडोसा सोडला आणि स्वयंपाकघरात चहाचं बघायला गेले. नवरा बिस्किटं आणायला खाली गेला होता.

कपडे वाळत घालताना बादली ठेवायचं प्लास्टिकचं स्टूल मी एरवी गॅलरीत कधीच ठेवत नाही. त्या दिवशी आई येणार म्हणून सासूबाईंनी घर आवरलं, आणि बैठकीत स्टूल बरं दिसत नाही म्हणून ते बाहेर नेऊन ठेवलं.

आईची किंकाळी ऐकून मी बाहेर आले. भिंगरी स्टुलावर उभी होती. कठडा तिच्या पोटाशी आला होता. आई खुर्चीतून अर्धी उठलेली, हात पुढे, पाय जागचे हलत नाहीत, आणि तोंडावर तो चेहरा, पूर्वी कधी नव्हता इतका. भिंगरीने मान वळवून तो पाहिला. तिला केवढा आनंद झाला. एवढं मोठं सोंग आजीने अजून केलंच नव्हतं. आई पुन्हा ओरडली, तशी ती खिदळली आणि आणखी मजा यावी म्हणून तिने एक गुडघा कठड्यावर टाकला.

मी गॅलरीच्या दारात होते. मधे चार पावलांची जागा. धावले असते तर तिला वाटलं असतं पकडापकडी, आणि पकडापकडीत ती नेहमी पुढे पळते. खरं सांगायचं तर हा विचार मी नंतर केला. त्या क्षणी माझे पाय धावणारच नव्हते; फरशी बाहेरच्या बाजूला कलली होती. माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून सवयीने जे व्हायचं तेच झालं. माझा चेहरा लागला. वरचे दात, गाल, भुवया.

मी हसले.

भिंगरीची नजर आजीवरून माझ्यावर आली. तिचं हसू तिथल्या तिथे मावळलं. गुडघा खाली आला. मग ती पाठमोरी झाली, दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली, अगदी जपून एक पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि माझ्या पायांजवळून तडक आत जाऊन टेबलाखाली बसली.

मी उंबऱ्यावरच बसले. सासूबाई ओले हात घेऊन आल्या, त्यांनी स्टूल उचललं, गॅलरीचं दार लावून घेतलं, कडी घातली, आणि स्वतःच्या तोंडात एक थप्पड मारून घेतली. टेबलाखालून भिंगरीचे मोठाले डोळे माझ्याकडे बघत होते. मी अजून हसतच होते. उतरवता येईना.

आई कशीबशी खुर्चीतून उठली, भिंतीला धरून धरून माझ्यापर्यंत आली आणि शेजारी बसली. म्हणजे गॅलरीच्या दाराशी. माझ्या गालांवर तिने दोन्ही हात ठेवले आणि ते खाली ओढले, लहान मुलाचं तोंड पुसावं तसे.

"कधीपासून हसतेस अशी?"

"ती मान धरायला लागली तेव्हापासून."

"रोज?"

"रोज."

"दुखत असेल गं," आई म्हणाली. "मला निदान ओरडता यायचं."

मग माझ्या लक्षात आलं. मुलं आईचा चेहरा वाचतात हे पुस्तकाने बरोबर सांगितलं होतं. भिंगरीने तो नीट वाचला होता. रोज सकाळी हे हसू लागलं की आईचं काळीज तिच्या कानाशी धडधडायला लागायचं, आईचा हात ओला व्हायचा, मनगटावरची पकड हाडापर्यंत जायची. हे हसू आलं की जवळपास काहीतरी भयंकर आहे, एवढं ती शिकली होती. ते काय आहे हे तिला कधीच दिसलं नाही. न्हाव्याकडे नाही, खेळवर्गात नाही, उंचावर तर नाहीच. त्या काचेच्या टेबलापलीकडे उभ्या असलेल्या आयांना बहुतेक खाली किती खोल आहे त्याची भीती वाटत नसावी. परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.

नवरा बिस्किटं घेऊन वर आला तेव्हा आई, मी आणि सासूबाई एका ओळीत जमिनीवर बसलो होतो. त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवली, नंतर बराच वेळ हात धुतले, आणि मग म्हणाला की लिफ्टलाही असंच असतं. दोर तुटला तर ती जाग्यावर आवळून धरणारा एक ब्रेक असतो. तो सदा तयार ठेवायचा असतो आणि कधी वापरायची वेळ येऊ नये अशी आशा करायची असते.

घरच्यांनी ही आशा लगेच सोडून दिली. शेगडीजवळ भिंगरी गेली की सासूबाई मला हाक मारतात, अगं, इकडे येऊन जरा हस हिच्याकडे. विजेच्या बटणांसाठी मी हसते, रस्ता ओलांडताना हसते. नवरा म्हणतो, तुझा एक फोटो काढून औषधांच्या कपाटावर लावू. आणि लाड करायचे असतील तेव्हा मी भुवया वर नेते, डोळे फाडते, ओठ आत ओढते, की पोर खुदकन हसून गळ्यात पडते. आई आता दर महिन्याला लिफ्टने वर येते. रुमाल, भिंत, घाम, सगळं तसंच. तिची भीती तसूभर कमी झालेली नाही, पण नातीला ती फार आवडते.

मागच्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी मिळून फोटो काढायला स्टुडिओत जायचं ठरवलं. फोटोग्राफरने भिंगरीला मधोमध एका उंच स्टुलावर बसवलं, आम्हाला आजूबाजूला उभं केलं, आणि दोनदा कॅमेऱ्यातून बघून मला म्हणाला, ताई, तुम्ही तेवढ्या जरा हसा.

"नको!" नवरा, आई आणि सासूबाई एकदम म्हणाले.

फोटो घरी आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी हात पुसून तो आधी घेतला. फोटोत सगळे छान दिसतात. मी तेवढी, खालची जमीन कुणीतरी काढून घेतल्यासारखी. भिंगरी मात्र हसतेय. वरचे सगळे दात दिसतात, गाल वर आलेत. दोन्ही हातांनी तिने स्टुलाची कड धरलीय. मी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. तिची बोटं पांढरी पडलीत, की तो फ्लॅशचा उजेड आहे, ते काही केल्या कळेना.

"नाकडोळे आमचे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पण हसू मात्र अगदी तुझं घेतलंय हो पोरीने."

फोटो खाली ठेवून मी भिंगरीकडे पाहिलं. मी नुसती हसले.

समोर बसलेल्या भिंगरीने चमचा ताटात ठेवला, खुर्चीवरून जपून उतरली आणि टेबलाखाली गेली.